साइट नसलेलं धनुष्य: तिरंदाजीचा पहिला खासगी धडा कसा घ्यावा

खराट्याची काडी वाकवून, दोरा बांधून केलेलं धनुष्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी वापरलेलं असतं. त्यावर बाण लावताना आपण काय करायचो ते आठवून बघा. बाणाचं मागचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचं आणि मागे ओढायचं. खऱ्या धनुष्यावर ही चिमूट टिकत नाही. मी ठाण्यात बेअरबोच्या, म्हणजे साइट नसलेल्या धनुष्याच्या, पहिल्या धड्याला गेले, तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं ही एक सवय मोडण्यातच गेली. बाण न लावता नुसती दोरी तीन बोटांत अडकवायची, थोडी ताणायची, हळूच परत न्यायची आणि पुन्हा अडकवायची. सर शेजारी उभे राहून फक्त माझ्या अंगठ्याकडे बघत होते. त्यात अंगठ्याला कामच नसतं. तो तळहातात मिटून ठेवायचा.

त्या दहा मिनिटांत मला खासगी धड्याचा उपयोग कळला. दहा-बारा जणांच्या बॅचमध्ये एक प्रशिक्षक तुमच्या अंगठ्याकडे दहा मिनिटं बघू शकत नाही. आणि तिरंदाजीत आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण ती खांद्यात असते, कोपरात असते, पाठीत असते आणि आपले डोळे समोर टार्गेटवर असतात. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिले तीन-चार धडे एकट्याने घ्यावेत आणि मग खुशाल बॅचमध्ये जावं. उलटं केलं तर आधी चुका पक्क्या होतात आणि मग त्या सोडवायला वेगळे पैसे मोजावे लागतात.

बेअरबो म्हणजे नेमकं काय

बेअरबो म्हणजे टोकं पुढे वळलेलं रिकर्व्ह धनुष्य, पण त्यावर नेम धरायची साइट नाही, पुढे आलेले स्टॅबिलायझरचे दांडे नाहीत आणि बाण पुरेसा ओढला की टक् वाजणारा क्लिकरही नाही. मधल्या दांड्याला, म्हणजे रायझरला, वजनं लावायची मुभा आहे. पण नियम असा की दोरी काढलेलं अख्खं धनुष्य १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या कडीतून पार गेलं पाहिजे. स्पर्धेत मैदानावर ५० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर आणि इनडोअरला १८ मीटरवरून ४० सेंटिमीटरच्या टार्गेटवर बाण मारतात. ऑलिंपिकमधलं रिकर्व्ह ७० मीटरवर चालतं. बेअरबो ऑलिंपिकमध्ये नाही.

महाराष्ट्रात सध्या धनुष्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कंपाउंड येतं आणि त्याला कारण आहे. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंडमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. त्यांच्या धनुष्याला चाकं असतात, साइटमध्ये भिंग असतं आणि दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या छोट्या यंत्राने सोडतात. कंपाउंडमध्ये चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो. बेअरबोत तो शेवटपर्यंत वाढतच जातो. दोन्ही खेळ कठीणच, पण शिकण्याचा रस्ता वेगळा. त्यामुळे तुम्हाला काय शिकायचंय ते फोन करतानाच स्पष्ट सांगा.

फोनवर काय विचारायचं

पहिला प्रश्न: तुम्ही बेअरबो शिकवता का, की साइट काढलेलं धनुष्य हातात देता? ऐकायला सारखं वाटतं, पण फरक मोठा आहे. ऑलिंपिक पद्धतीच्या रिकर्व्हमध्ये तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटं खाली असतात, आणि हात हनुवटीखाली टेकतो. बेअरबोत बहुतेक जण तिन्ही बोटं बाणाखाली ठेवतात आणि हात तोंडाच्या कोपऱ्याशी आणतात. समोरच्याने हा फरक आपणहून सांगितला, तर तिथे जावं.

दुसरा प्रश्न: नवशिक्यासाठी किती पौंडांचं, म्हणजे ओढायला किती जोर लागणारं, धनुष्य आहे, आणि डाव्या हाताचं आहे का? प्रौढ माणसाला पहिल्या दिवशी १६ ते २० पौंड पुरतात. हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी एका सहलीच्या ठिकाणी माझ्या हाती जड धनुष्य दिलं गेलं, दहा-बारा बाण मारले आणि त्यानंतर तीन आठवडे उजवा हात वर करून केस बांधता येत नव्हते. तिथे ना कोणी वजन विचारलं, ना डोळा तपासला. तिरंदाजी आपल्याला झेपणार नाही अशी समजूत करून मी पुढे दोन वर्षं त्या वाटेला गेले नाही.

आणखी विचारा: माझ्या वेळेला रेंजवर दुसरे कोण असेल, टार्गेटच्या मागे जाळी किंवा भिंत आहे का, पावसात काय करता. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उघड्या मैदानाचा भरवसा नाही, त्यामुळे छप्पर असलेली जागा विचारून घ्यावी. मैदानावर जाणार असाल तर सकाळची वेळ घ्या. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुरू होतो, आणि वाशी-नेरुळच्या खाडीलगतच्या मोकळ्या जागी तो चांगलाच जाणवतो. हलक्या धनुष्याचा बाण सावकाश जातो, म्हणून त्याला वारा जास्त लागतो.

नवी मुंबईहून ठाण्याला येणार असाल तर ट्रान्स हार्बरने ठाणे स्टेशन आणि पुढे रिक्षा किंवा बस. जागा घोडबंदर रोडला असेल, तर त्या रस्त्यावरच्या गर्दीचा वेळ हिशोबात धरा आणि वीस मिनिटं आधी पोचा. धापा टाकत आलेल्या माणसाचा हात स्थिर राहत नाही, आणि तासाच्या धड्यातली पंधरा मिनिटं दम खाण्यात जातात.

कपडे

सुटण्याच्या क्षणी दोरी हातापासून आणि छातीपासून बोटभर अंतरावरून जाते. वाटेत जे लोंबतं ते तिच्यात सापडतं. ढगळ बाह्या, ओढणी, खिशातलं पेन, शर्टाची मोठी बटणं, सगळं टाळा. मंगळसूत्र किंवा चेन टी-शर्टच्या आत टाका, मोठी कानातली काढून ठेवा, केस मागे घट्ट बांधा. पायात बूट हवेत, चप्पल नको. टार्गेटजवळ गवतात घुसलेला बाण दिसत नाही आणि त्याचं टोक लोखंडी असतं. चष्मा असेल तर तोच घाला. पाण्याची बाटली आणि छोटी वही घ्या.

धनुष्य हातात घेण्याआधी: डोळा आणि हाताची लांबी

ही तपासणी न करता कोणी थेट धनुष्य हातात देत असेल, तर नम्रपणे थांबवा आणि आधी डोळा बघायला सांगा.

ही तपासणी घरीही करता येते. दोन्ही हात समोर लांब करा, तळवे एकमेकांवर ठेवून मधे छोटी फट करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघा. टाकी नजरेतून न सोडता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. ते आपोआप एका डोळ्यावर येतील. तोच तुमचा प्रभावी डोळा.

मी उजव्या हाताने लिहिते, भाकरी थापते, सगळं करते. माझे हात डाव्या डोळ्यावर आले. साइट असलेल्या धनुष्यावर हे लवकर तरी लक्षात येतं. बेअरबोत बाणाचं टोक हीच खूण असल्याने चुकीच्या डोळ्याने बघितलं की बाण सारखे एका बाजूला जातात आणि आपण हाताला दोष देत राहतो. उजव्या हाताने ओढणारा माणूस डाव्या डोळ्याने नेम धरतो तेव्हा बाण डावीकडे पडतात, कारण बाणाचं मागचं टोक असतं उजव्या डोळ्याखाली आणि बघणारा डोळा असतो डावा. सरांनी त्या दिवसापुरता माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावला. डोळा उघडा राहतो, उजेड दिसतो, फक्त टार्गेट दिसत नाही. कायमचा उपाय म्हणजे डोळ्याच्या बाजूचा हात वापरणं. एकही बाण मारलेला नसताना हात बदलणं सर्वांत सोपं असतं.

मग हाताची लांबी. दोन्ही हात बाजूला पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि त्याला अडीचने भागा. माझं ६३ इंच भरलं, म्हणजे साधारण २५ इंच. हा तुमच्या ओढीचा, म्हणजे दोरी किती मागे येते त्याचा, अंदाज. धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीला मोजलेले असतात, आणि हलक्या धनुष्यात दर इंचाला साधारण दीड ते दोन पौंड कमी-जास्त होतात. म्हणजे २० पौंड लिहिलेलं धनुष्य माझ्या हातात पंधराच्या आसपास भरतं. बाण मात्र ओढीपेक्षा निदान दोन इंच लांब हवा. नवशिक्याची ओढ पुढच्या धड्यांत वाढते आणि आखूड बाण रेस्टवरून, म्हणजे धनुष्यावर तो टेकतो त्या आधारावरून, मागे घसरून हातात शिरू शकतो.

यानंतर आर्मगार्ड आणि फिंगर टॅब घालायचा. आर्मगार्ड म्हणजे धनुष्य धरलेल्या हाताला दोरीपासून वाचवणारी पट्टी. टॅब म्हणजे बोटांच्या आतल्या बाजूला बसणारा चामड्याचा तुकडा. नवा असेल तर कडक लागतो, वापरलेल्याला दोरीची खाच पडलेली असते आणि बोटं आपोआप तिथे बसतात. आर्मगार्ड नको असं वाटलं तरी घाला. कोपराच्या आतल्या बाजूला दोरीचा एक फटका बसला की जांभळा वळ आठवडाभर टिकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या प्रत्येक बाणाला हात आधीच आक्रसतो.

एक बाण, सावकाश

टार्गेटपासून पाच-सात मीटरवर उभं राहा. पहिले वीस-पंचवीस बाण टार्गेटचा कागद न लावता, कोऱ्या फोमवर मारायचे असतात. कागद लावला की मन पिवळ्या गोलाकडे धावतं आणि शरीर सुटतं. प्रशिक्षकाने कागद लावलेला असेल तर काढून मागा, त्यात संकोच नको.

पाय रेषेच्या दोन्ही बाजूंना, खांद्याइतके फाकलेले. वजन दोन्ही पायांवर सारखं. बाणाला तीन पिसं असतात, त्यातलं वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून दूर, तुमच्याकडे. बाणाच्या मागच्या टोकाची खाच, म्हणजे नॉक, दोरीवर बसली की टिच् असा आवाज येतो. तो आला नाही तर बाण बसलेला नाही.

दोरी पहिल्या पेराच्या घडीत घ्या, बोटांच्या टोकांवर नको. टोकांवर घेतली तर ताणामुळे बोटं हळूहळू उघडतात आणि तुम्ही सोडण्याआधीच बाण निघतो. तिन्ही बोटं बाणाखाली, मनगट सरळ, हाताचा मागचा भाग सपाट.

धनुष्याच्या हाताने दांडा पकडायचा नाही. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल भाग आहे त्यावर तो टेकवायचा आणि बोटं सैल सोडायची. पडेल अशी भीती वाटते, म्हणून बोटांना छोटी दोरी बांधतात. आता कोपर. हात लांब केल्यावर कोपराची आतली खोबण आकाशाकडे असेल तर दोरी तिथे लागणार. हे घरी दाराच्या चौकटीवर शिकता येतं. तळवा चौकटीवर टेकवा आणि तळवा न हलवता फक्त कोपर फिरवा, म्हणजे खोबण बाजूला वळेल. मला हे जमायला चार दिवस लागले.

आता ओढायचं. दंडाने ओढू नका, खांद्याचं पातं पाठीच्या कण्याकडे सरकवा. तर्जनी तोंडाच्या कोपऱ्याला लागली की थांबा. या जागेला अँकर म्हणतात, आणि बेअरबोचं सगळं मर्म इथे आहे. साइट नसली म्हणजे नेम हवेत नसतो. तुमचा जबडा हीच मागची साइट असते. हात एक सेंटिमीटर खाली टेकला की बाणाचं मागचं टोक खाली जातं आणि बाण वर चढतो. म्हणून ‘तोंडाच्या कोपऱ्याशी’ एवढं पुरत नाही. सरांनी मला विचारलं, ‘‘ताई, तर्जनीखाली कुठला दात लागतोय?’’ मी बोटाने चाचपून बघितलं तर वरचा सुळा. ‘‘मग रोज सुळाच,’’ ते म्हणाले. काही जण जोडीला दुसरी खूणही ठेवतात, पिसाची कड नाकाच्या शेंड्याला लागणं. धड्यातून परत जाताना तुमच्या वहीत ही जागा नेमक्या शब्दांत लिहिलेली असली पाहिजे.

अँकरला दोन-तीन सेकंद थांबा, पाठ ताणत राहा आणि बोटं सैल करा. दोरी सोडायची नाही, तिला जाऊ द्यायचं. बरोबर झालं तर हात मानेवरून मागे कानाखाली सरकतो. हात पुढे किंवा बाजूला उडाला, तर तुम्ही दोरी छेडलीत. धनुष्याचा हात बाण फोममध्ये घुसल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच ठेवा. बाण कुठे गेला ते बघायला मान वळवणं ही नवशिक्याची सगळ्यात चिवट सवय, आणि ती बाण सुटायच्या आधीच सुरू होते. प्रशिक्षकाला मोबाइलवर मागून आणि बाजूने असे दोन छोटे व्हिडिओ काढायला सांगा. मला माझा वर चढलेला डावा खांदा आधी शब्दांतून पटला नव्हता, व्हिडिओत पटला.

मग नेम

आठ-दहा मीटरवर टोक बरोबर मधल्या पिवळ्यावर ठेवून बाण सोडलात तर तो वर जाईल. डोळा बाणाच्या वर आहे, त्यामुळे जवळच्या अंतरावर टोक खाली ठेवावं लागतं. कधी कागदाच्या खालच्या कडेवर, कधी स्टँडच्या पायावर. अंतर वाढवत गेलं की एक जागा अशी येते जिथे टोक पिवळ्यावर ठेवलं की बाण पिवळ्यातच जातो, त्याच्या पुढे टोक वर न्यावं लागतं. ही जागा प्रत्येकाच्या ओढीनुसार, बाणाच्या वजनानुसार, चेहऱ्याच्या ठेवणीनुसार वेगळी. दुसऱ्याचे आकडे वापरू नका.

बेअरबोवाले पुढे जाऊन दोरीवर बोटं खाली सरकवतात. जेवढं अंतर जवळ तेवढी बोटं नॉकपासून खाली, म्हणजे बाण डोळ्याजवळ येतो आणि टोक पिवळ्यावरच ठेवता येतं. टॅबच्या शिलाईचे टाके मोजून ही सरक ठरवतात. पहिल्या दिवशी हे करू नका. अँकर पक्का नसताना बोटंही सरकवली, तर बाण वर का गेला ते कोणालाच सांगता येणार नाही.

एक कसोटी मला फार उपयोगी पडली. तीन बाण एकत्र पडले, पण पिवळ्यापासून हातभर लांब पडले, तर खूश व्हा. एक पिवळ्यात आणि दोन कोपऱ्यांत गेले, तर त्या पिवळ्यातल्या बाणाचा फोटो काढू नका.

रेंजची शिस्त

दोन शिट्ट्या: रेषेवर या. एक: मारायला सुरुवात. तीन: बाण आणायला जा. पाच किंवा जास्त: धोका आहे, ताबडतोब थांबा, ओढलेली दोरी सावकाश उतरवा. तुम्ही एकटेच शिकत असलात तरी हीच सवय लावून घ्या.

बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नका. जी ताकद बाण घेऊन जातो ती मग धनुष्याच्या पात्यांतच, म्हणजे रायझरच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांतच, जिरते आणि ती तडकतात. बाण काढायला चालत जा, पळू नका, कारण टार्गेटमधून बाहेर आलेल्या दांड्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर असतात. एक हात कागदावर टेकवा, दुसऱ्याने बाण फोमच्या अगदी जवळ धरा, थोडा पिळत सरळ मागे ओढा, आणि त्याआधी मागे कोणी उभं नाही ना ते बघा.

किती बाण, आणि नंतर काय

पहिल्या धड्यात तीन-तीन बाणांचे पंधराएक एंड, म्हणजे फेऱ्या, खूप झाले. पाठीऐवजी दंड थरथरायला लागला की थांबा, पैसे भरलेत म्हणून उरलेली दहा मिनिटं ओढत बसू नका. त्या वेळात प्रश्न विचारा, धनुष्याची जोडणी बघा, दोरी चढवायचा स्ट्रिंगर कसा वापरतात ते करून बघा.

घरी बाण मारू नका. सोसायटीचा पॅसेज, गच्ची, बाल्कनी, यातली एकही जागा सुरक्षित नाही. रबरी व्यायामपट्टी घ्या, आरशासमोर उभं राहा, दोन्ही खांदे एका पातळीत ठेवून सुळ्यापर्यंत ओढा आणि थांबा. रोज पाच मिनिटं पुरेत.

विकत घ्यायची घाई तर अजिबात नको. आधी स्वतःचा टॅब आणि आर्मगार्ड. दोन-तीन महिन्यांनी ओढ स्थिर झाली की तिला जुळणारे बाण, कारण बाणाची दांडी किती लवते ते ओढीशी आणि पौंडांशी जुळावं लागतं. धनुष्य सगळ्यात शेवटी, आणि तेही तीन तुकड्यांत सुटं होणारं, म्हणजे पाती बदलून पौंड वाढवता येतील आणि बॅग लोकलमध्ये खांद्यावर मावेल.

दुसरा धडा आठवड्याच्या आत ठेवा. मी दुसऱ्या धड्याला डाव्या हाताचं धनुष्य मागून घेतलं. चष्म्यावरची चिकटपट्टी काढली. तर्जनी सुळ्यापर्यंत पोचायला डावा हात अडखळत होता, दर बाणाला बोट गालावरून चाचपडत जायचं. पाचव्या एंडला ते न शोधता लागलं. तीन बाण फोमच्या खालच्या कोपऱ्यात, वाटीच्या तोंडात मावतील इतके जवळ बसले. सरांनी ते काढू दिले नाहीत. आधी वही आणायला सांगितली.